पुण्यापर्यंत सोबत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनीयर काका एकटे राहतात. जिन्यात गाठून ते भरभर टोलरस्त्यांबद्दल बोलायचे. "जर्मनीत टोल फक्त ट्रकला रे! फ्रान्समध्ये कंपनी रस्ता चालवते, मुदत संपली की सरकारला परत करते." मी हो-हो करत खाली उतरायचो.

परवा मी पुण्याला निघालो, तर गाडीपाशी येऊन म्हणाले, "मी येऊ?"

एक्सप्रेसवेवर ते पहिल्यांदाच सावकाश बोलले. जपानमधल्या रस्त्यांची कर्जं टोलमधून कशी फिटतात, हे सगळं समजावलं. मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं.

वाकडला मी विचारलं, "काका, कुणाकडे सोडू?"

"कुणाकडे नाही रे. इथूनच परतीची बस पकडतो," म्हणाले आणि दार हळूच लावून रस्ता ओलांडू लागले.