बिनधुराचा तंदूर

विजेचा तंदूर आमच्या घरात आला तो माझ्या हौसेपायी. सिकंदराबादला साडूकडं गेलो होतो, तिथं तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन घेऊनच आलो. ॲल्युमिनियमचा गोल डबा, तळाशी तारेचं वेटोळं, मधे जाळी, वर मुठीचं झाकण. मी परभणीत शाळेवर विज्ञान शिकवायचो. तार का तापते, झाकण का ठेवायचं, उष्णता कशी फिरते, हे मी बायकोला दोनदा समजावून सांगितलं. तिनं दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि वीज असेल तेव्हा वांगी भाजायला तो बरा आहे, एवढंच म्हणाली.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. माझी माय माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ. वडील मात्र खाणारे. त्यामुळं मटणाचं पातेलं आणि तवा गोठ्यात खुंटीला टांगलेला असायचा आणि चूल अंगणाच्या कडेला तीन दगडांची. वडील तिथंच शिजवायचे, तिथंच जेवायचे, चूळ भरून, हातपाय धुऊन मगच घरात पाऊल टाकायचे. घरातली चूल कधी चुकून बाटलीच तर माय ती शेणानं सारवून घ्यायची. भांडं वेगळं ठेवता येतं, चूल सारवता येते, एवढ्यावर आमचं सगळं चाललं होतं. परभणीलाही बायकोनं ते पाळलं. मटणाचं पातेलं न्हाणीघरात, पालथं.

तंदूर मात्र या रीतीत कुठं बसतो हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तो भांडं म्हणावा की चूल?

ठरवायची वेळ आली ती एका बंदच्या दिवशी. नामांतराचे दिवस होते, एस्टी कधी बंद पडेल सांगता यायचं नाही. पाथरीहून रोज येणारे शाळेतले दोघं मास्तर अडकून पडले, त्यांना घरी आणलं. मागच्या गल्लीतून कोंबडी मिळाली. माझ्या डोक्यात आलं, आज तंदूर दाखवायचा.

"अहो, आत्याबाई आल्या की ह्यातच वांगी भाजायचीत ना?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. मायला ती आत्याबाई म्हणायची.

"जाळी घासून घेऊ. लाल झालेल्या तारेवर जंतू टिकत नाही, तिथं बाट काय टिकणार?"

पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून ती मसाला वाटायला वळली. कोंबडी फक्कड झाली. दोघांनी इतकी तारीफ केली की मी फुगलो, आणि मग दर दोन-तीन रविवारी ते चालूच राहिलं.

वडील गेल्यावर माय गावी एकटीच राहायची. तिचं गाव पोखर्णीच्या पुढं. परभणीला कायमची ये म्हटलं की म्हशीचं कारण सांगायची. पुढच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा कुठं ती दीड महिना आमच्याकडं राहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुरापासून जपा.

ती यायच्या आदल्या दिवशी बायकोनं तंदूर चिंच लावून, राख लावून घासघास घासला. जाळी दोनदा उकळली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या समाधानासाठी नाही, माझ्यासाठी घासायलेय."

मी तेव्हाच तो माळ्यावर टाकायला हवा होता. पण मायला त्यातलं भरीत खाऊ घालायची मलाच घाई झाली होती. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "लय ग्वाड लागलं गं. आन् धूर कुटं हाय?"

मग तिनं तंदूरचा ताबाच घेतला. जाड भिंगाचा चष्मा लावून त्याच्यापुढं पाटावर बसायची. वांगी झाली, मक्याची कणसं झाली, एक दिवस तिनं कणकेचे जाड रोडगे लावले. गोवऱ्यांच्या आरावर भाजताना तिचे डोळे कसे गळायचे, ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. इथं ती झाकण उचलून बघायची, हसायची, पुन्हा झाकायची. तिला एवढी खूश बघून मला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या गळ्यातली माळ तंदूरवर वाकली की लोंबायची, आणि मी उठून बाहेर जायचो.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण सांगितलं तर माळ उतरवावी लागणार, महाराजांकडून पुन्हा घालून घ्यावी लागणार, चार लोकांत कारण सांगावं लागणार. शिवाय डोळ्यातून पाणी काढायचं नाही असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते कारण मी घट्ट धरून ठेवलं.

गावी जायच्या दिवशी तिनं पहाटे उठून रोडगे केले. त्याच तंदूरात. वाटेत पोखर्णीला नृसिंहाला नैवेद्य दाखवायचा होता. मी सोबत गेलो, शेजारी हात जोडून उभा राहिलो. तिनं पदराखालून रोडग्यांचा डबा काढून देवापुढं ठेवला. विज्ञानाचा मास्तर असूनही मी देवाकडं बघायचं टाळलं.

पण त्याच्या आधी, घरातून निघताना, खरी गोष्ट घडली. पिशवी भरता भरता ती म्हणाली, "बाबा, ह्ये मशीन मी न्हेऊ का गावाला? तुमाला हितं ग्यास हाय. मला त्या धुराचा लय तरास व्हायलाय."

तिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"गावाकडं होल्टेज कमी असतं माय. तार जळून जाईल."

"गिरणी चालती की गावात."

"गिरणीचं वेगळं असतं."

"बरं. तुला लागतच आसंल," ती म्हणाली आणि पिशवीचा बंद आवळला. बायको दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

तो बाटलेला तंदूर माय घेऊन गेली असती तर जन्मभर त्यातच नैवेद्य भाजत राहिली असती, म्हणून मी नाही म्हटलं. पण तिला दिसला तो आपल्या आईला एक डबा न देणारा मुलगा.

"नवा आणून द्या," बायको म्हणाली. देऊ की, म्हटलं. त्यानंतर दोनदा सिकंदराबादला गेलो. पहिल्यांदा विसरलो. दुसऱ्यांदा दुकानासमोर उभा राहिलो आणि मनात आलं, नवा दिला तर ती विचारेल, मग तेव्हा घरातला का नाही दिलास? आणि हात हलवत परत आलो. खरं सांगायचं तर थोडा चिकटपणाही होता. कबूल करायला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

तंदूर माळ्यावर गेला. कोंबडी भाजायचं माझं मन होईना, वांगी भाजायचं बायकोचं. दर दिवाळीच्या साफसफाईत तो खाली यायचा, पुसला जायचा, आणि ठेवायचा की काढायचा यावर आमची बोलाचाली व्हायची. भंगारवाल्याला द्यायचा म्हटलं की मी अडवायचो. चांगला चालू आहे, म्हणायचो. टाकून दिला असता तर आपल्याला तो नकोच होता आणि तरी मायला दिला नाही, हे सिद्ध झालं असतं. शेवटी एका दिवाळीत बायको वैतागली. "आधी आत्याबाईंना सांगा. मग ठेवा नाहीतर उकिरड्यावर फेका. मी पुन्हा पुसणार नाही."

भाऊबीज झाल्यावर गावी गेलो. माय चुलीपुढं बसली होती. जळणाच्या कापसाच्या पऱ्हाट्या ओल्या होत्या. ऑपरेशन झालेला डोळा लाल, आणि ती दर दोन फुंकरींनी चष्मा वर करून पदरानं पाणी टिपत होती. मी सगळं सांगितलं. बंदचा दिवस, कोंबडी, घासलेली जाळी, होल्टेज. मान वर न करता सांगितलं.

तिनं हातातली फुंकणी खाली ठेवली. माळेतला एकेक मणी बोटांनी सरकवत राहिली.

"देवालाबी त्यातलंच दावलं म्हण की."

"व्हय."

"माळंचं मी बघते मपलं. म्हाराजाला सांगते, पुन्यांदा घालून घेते. त्यो राग न्हाई मला." मग थोड्या वेळानं, "हाय का अजून ते?"

"आहे माळ्यावर."

"ठिवून कामून दिलंस? कुणाला तरी दिऊन टाक. पर देताना सांगून दे."

मी हो म्हटलं. मला वाटलं, संपलं. तिनं भाकरी थापायला घेतली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"दवाखान्याला आले तवाच तुझ्या बायकूनं सांगितलं व्हतं मशीनचं," ती तव्याकडं बघत म्हणाली. "तितं दीड म्हयना आसताना जो गाववाला भेटला त्येला सांगून ठिवलं, पोराचं बिनधुराचं मशीन घिऊन येनार हाय. आले तर हातात पिशवीच. समद्या बाया दारात आल्या, मशीन कुटं म्हणून. म्या म्हणलं, पोरगं लय मागं लागलं व्हतं, न्हे न्हे म्हणून. मलाच त्येची चव आवडली न्हाई, म्या नगं म्हणले." तिनं भाकरी उलटली. "गळ्यात माळ आसताना खोटं बोलले, बाबा. तुझ्यापायी."

 तिनं भाकरी आरावर शेकून माझ्या ताटात टाकली, जेव म्हणाली, आणि पदरानं डोळा पुसून पुन्हा चूल फुंकायला लागली.