काकांचा चकवा

शामरावकाकांना जाऊन सव्वा महिना झाला. त्यांच्या मुलीनं, वंदनानं, दवाखान्यातून फोन केला तेव्हा मी नुसता उभा राहिलो. रडू आलं ते नंतर.

काका आमच्या कचेरीतले हेडक्लार्क. घराणं उमरेडच्या विणकरांचं. मागावर न बसलेले तेच पहिले. त्यांना नाद शब्दांचा. निवृत्तीनंतरही भरदुपारी फोन यायचा, ख्यालीखुशाली न विचारता थेट शब्दच. गेल्या वर्षी ‘चकवा’ धरून बसले होते. चकणे म्हणजे फसणे, भुलणे. त्यावरून चकवणे, आणि चकवतो तो चकवा, एवढ्यावर माझं समाधान झालं. ते कुठले ऐकायला! लुगड्यांचं गाठोडं घेऊन पायी बाजाराला निघालेल्या त्यांच्या वडिलांना चकव्यानं एकाच शेताभोवती फिरवत ठेवलं होतं. अशा वेळी चालायचं नाही. सदरा उलटा घालून आहे तिथं बसायचं, ओळखीचं कोणी येईपर्यंत.

“भूतबीत काही नसते गा,” काका म्हणाले. “वाट जिथल्या तिथंच राह्यते. मानूसच हरपते.”

त्यांचं स्वतःचं हरपणं तेव्हा सुरू झालं होतं. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला होता, वंदनानं मला बजावलंही होतं. मी मात्र पूर्वीचेच काका धरून चाललो होतो.

यंदा मे महिन्यातल्या एका दुपारी फोन आला. “मले चकवा लागला गा. बसून राहिलो.”

मला वाटलं, शब्दाचंच काही नवीन सापडलं. समोर फायलींचा ढीग... मी हसलो. “दिवसाढवळ्या कायचा चकवा, काका? उठा, सरळ घरी जा.”

“बरं,” म्हणाले.

ते शहराबाहेर उमरेड रोडवर सापडले, उन्हानं कोसळलेले. अंगातला सदरा उलटा होता. चौथ्या दिवशी गेले.

तेरवीला मी वंदनाला त्या फोनचं सांगितलं. तिला ठाऊक होतं. “बाबा सांगून राहिले होते, दादा. झाडाखाली बसलो होतो म्हणे. त्यानं उठ म्हटलं, म्हून उठलो.” तिनं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

परवा माझ्या लेकीचा फोन आला. नव्या क्लासचा रस्ता तिला सापडत नव्हता, मागून ट्रॅफिकचा आवाज येत होता. बस कुठली, चौक कुठला, मी काहीच विचारलं नाही.

“आहेस तिथंच बस,” मी म्हटलं. “मी येऊन राहिलो.”