सांभाळून घेणारी लॅब

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात. डीप फ्रीजरमध्ये बर्फ आणि माझ्याकडे किस्से. बर्फ खरवडायला अख्खी सुट्टी घालवावी लागते, किश्शांना दुपारचा चहा पुरतो. मी इथली टेक्निकल असिस्टंट. आजोबा उदगीरहून आले ते हैदराबादचेच झाले, त्यामुळे घरात मराठी आणि बाहेर समोरचा बोलेल ते. लॅबमध्ये सगळे मला अक्का म्हणतात. आमच्या प्रोफेसर मॅडमसुद्धा, आणि त्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत!

मध्यंतरी विद्यापीठानं ठरवलं की प्रत्येक लॅबमध्ये सर्वांना सामावून घेणारं वातावरण पाहिजे. डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन. मॅडमनी ते मनावर घेतलं. आणि मॅडमनी काही मनावर घेतलं की आमची खैर नसते.

*

सुरुवात ट्रेनिंगनं झाली. विषय होता, इमारती सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत. हॉल दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद!

आमचा इरफान कुबड्यांवर चालतो. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, राहतो जुन्या शहरात. आम्ही सगळे वर जाऊन बसलो, चहा प्यायलो, तेव्हा कुठं लक्षात आलं की इरफान खालीच आहे. मॅडमनी घाईघाईनं फोन लावला. काहीतरी सोय करतो म्हणाल्या, फार महत्त्वाचं सांगताहेत म्हणाल्या.

"आप लोगां सुन लो, मॅडम," इरफान शांतपणे म्हणाला. "मेरेकू तो मालूम है."

पुढचं ट्रेनिंग खाली पार्किंगमध्ये झालं.

*

मग विद्यापीठाच्या वेबसाइटसाठी लॅबचा फोटो काढायचा ठरला. श्रीनिवास म्हणजे आमचा सीनियर, वरंगलचा. मनानं साफ, आवाज मात्र मोठा. तो इस्त्रीचा नवा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर! फोटोग्राफरनं इरफानला पुढं बसवलं, कुबड्या नीट दिसतील अशा ठेवल्या. मुलींना मधे घेतलं. मला साडीचा पदर सारखा करायला लावला. श्रीनिवासला म्हणाला, सर, तुम्ही जरा बाजूला व्हा.

श्रीनिवासचा चेहरा एवढासा झाला. "हम डायव्हर्सिटी में नहीं आते क्या?"

शेवटी इरफाननंच त्याला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

*

करुणा आली ती याच सुमाराला. नांदेडची, बौद्ध घरातली, वडील सरकारी कचेरीत क्लार्क. घराण्यात पीएचडीला आलेली ही पहिलीच. मॅडम तिला जपायच्या, कारण आधीची एक मुलगी अशीच गप्प होत होत मधेच सोडून गेली होती. मॅडमना ते फार लागलं होतं. मलाही.

आता आमच्याकडं एक वाईट खोड आहे. नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न, एंट्रन्सला रँक किती? ऐकायला साधा प्रश्न. पण रँक कळली की हा आरक्षणातून आलाय का, याचा अंदाज लोक मनातल्या मनात बांधतात. श्रीनिवासनं पहिल्याच दिवशी विचारलं. करुणानं रँक सांगितली आणि महिनाभर तोंड उघडलं नाही.

मॅडम कडाडल्या. रँक विचारायची नाही, टोमणा मारायचा नाही, करुणाला दुखावेल असं काही म्हणजे काही बोलायचं नाही! झालं. लॅबमध्ये स्मशानशांतता. श्रीनिवास तर तिच्यापुढून चप्पल हातात घेतल्यासारखा जायला लागला.

*

एका दुपारी मी कोठीच्या बाजारात काचेचं सामान आणायला गेले होते. परत येऊन बघते तर करुणा रडतेय.

आमच्याकडं एक जेलीसारखी पातळ वडी असते. तिच्या एका कडेला नमुने भरायचे आणि वीज सोडायची, की ते वडीतून पुढं सरकतात. करुणानं वायरी उलट्या जोडल्या होत्या. नमुने वडीत शिरायच्या ऐवजी मागच्या मागं पाण्यात वाहून गेले. कित्येक दिवसांची मेहनत!

श्रीनिवासनं ते बघितलं होतं. पण तिला वाईट वाटेल म्हणून तो चहाला निघून गेला. इरफाननंही बघितलं होतं. त्याला वाटलं, सीनियर सांगेल.

मीटिंगमध्ये करुणा पहिल्यांदा उभी राहिली. "रँक पूछे तब मैं रोई नहीं," ती म्हणाली. "मेरेकू सांभाळो मत. गलती हुई तो बोलो. बाकी सबको बोलते वैसा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून आधीपेक्षा जास्त जपून वागायला लागले! आता ही पण जाणार, असं मला वाटलं.

*

दोनेक दिवसांनी तिचे वडील दारात उभे. पांढरा शर्ट, हातात पिशवी. करुणा आत काम करत होती, तिला माहीतही नव्हतं. मॅडमनी पळत जाऊन खुर्ची दिली, इरफाननं बिस्किटं काढली. मी मराठी म्हणून मला त्यांच्याजवळ बसवलं.

सगळं ठीक आहे ना दादा, मी विचारलं.

"फोनवर म्हणाली, सगळे लई चांगले वागतेत, कुणी काहीच बोलत नाही," ते म्हणाले. "ताई, मी तीस वर्षं नोकरी केली. कुणी काहीच बोलत नाही म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक आहे. नामपल्लीहून संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत. न्यायला आलो."

मॅडमना मराठी येत नाही, तरी त्यांना कळलं असावं. त्या खाली बघत बसल्या.

तेवढ्यात आतून श्रीनिवासचा आवाज. पाहुणे आल्याचं त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"करुणा! एन्झाइम बर्फ के बाहर कौन रखा? इतना महँगा माल! दिमाग है कि नहीं?"

मॅडमनी डोळे मिटले. इरफानच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

आणि मग करुणाचा आवाज, त्याच्याहून वरच्या पट्टीत. "चिल्लाओ मत! ट्यूब पे नाम देखो किसका है! सुबह तुमीच रख के चाय पीने गए!"

मग श्रीनिवास म्हणाला, हां, मेराच है. मग करुणा हसली. मग तोही हसला, आणि दोघं पुन्हा त्याच ट्यूबवरून भांडायला लागले.

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ आतलं भांडण कान देऊन ऐकलं. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला.

"ताई, दोनातलं एकच तिकीट रद्द करायचं असलं, तर यात कुठं दाबायचं?"