स्पीकरमागची मंगलाष्टकं

मंगलाष्टकं रचणं सोपं, त्यात सगळे नातेवाईक बसवणं अवघड. आत्याचं नाव वृत्तात मावत नाही, आणि मामाचं राहिलं तर मामा जेवायला बसत नाही. अशा कटकटींवर आता माझं घर चालतं, आणि मी खुशीत आहे.

आमचे हे गेल्यावर मी लातूरला एका खासगी शाळेत गाणं शिकवत होते. एकदा घरी भाचीच्या लग्नासाठी मंगलाष्टकं गाऊन बघत होते, तर लेकीनं मोबाइलवर टिपून इन्स्टाग्रामवर टाकलं. आमच्या गल्लीतली बाकीची पोरं डॉक्टर व्हायला निघालेली; हिला आईला प्रसिद्ध करायचं होतं. मग ती टाकतच गेली; व्हिडिओत फक्त पेटी आणि माझी बोटं असायची. आधी नात्यातले, मग अनोळखी लोक विचारू लागले. नांदेडकडून तर इतकी बोलावणी आली की मी शाळा सोडली.

मी टिकली लावते, रंगीत साडी नेसते, त्यामुळे लग्नात कुणी काही विचारत नसे. नायगावच्या एका मांडवात मात्र मी पेटी लावत असताना नवरदेवाच्या आत्यानं पाणी देता देता विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतेत?"

"ते नाहीत आता," मी म्हणाले.

आत्याबाई उठून गेल्या. थोड्या वेळानं नवरीचे काका आले, हात जोडूनच. "ताई, राग मानू नका. तुमी तिकडं स्पीकरवाल्यापाशी बसून म्हणा. आवाज तर सगळीकडं जातोयच की."

म्हणजे माझा आवाज शुभ होता, मी नव्हते. शब्द दिला होता म्हणून गायले. मागून जनरेटरची धग लागत होती आणि पुढं पुढाऱ्यांचे सत्कार संपता संपत नव्हते. नंतर जेवणाचा आग्रह झाला, साडीही मिळाली. सगळे इतकं गोड बोलत होते की भांडायलाही जागा नव्हती. तो राग मी परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईवर काढला, खिडकी उघडी ठेवण्यावरून.

दुसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, "आता माझं तोंड दाखव." कॅमेऱ्यासमोर सरळ सांगितलं, मी मंगलाष्टकं रचते आणि मांडवात सगळ्यांसमोर गाते. माझे पती वारले आहेत. चालत असेल त्यांनीच फोन करावा.

"आई, लोक बोलवायचे बंद होतील गं," लेक म्हणाली. तसंच झालं. व्हिडिओखाली कौतुक करणारे ढीगभर जमले, पण बोलावणं एकाचंही नाही. ठरलेल्या लग्नांच्या तारखा म्हणे अचानक बदलल्या. कौतुकावर चूल पेटत नाही, म्हणून मी मुकाट्यानं शाळेत विचारून आले. तिथं दुसऱ्या बाई लागल्या होत्या. ते दिवस मी फार घाबरून काढले.

मग चाकूरहून एका मुलीचा फोन आला; पुढं तसे बरेच आले, पण हा पहिला.

"काकू, माझं लगीन हाय. तुमी मांडवात सगळ्यांसमोर म्हणता न्हवं?"

"हो. पण घरच्यांना चालेल का?"

"त्याच्यासाठीच तर तुमाला बोलवायलेय. पप्पा गेल्यापासून आई कुणाच्याबी लग्नात म्होरं येत न्हाई. दादाच्या लग्नात अक्षता पडल्या तवा ती आत लाडवाच्या खोलीत बसली होती. माझ्या लग्नात मला ती समोर दिसाया पाहिजे."

लग्नाच्या दिवशी नवरीच्या आई बायकांच्या अगदी मागं उभ्या होत्या. मी हातानं बोलावलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग मी माईकवरूनच म्हटलं, "नवरीच्या आईनं इथं यावं. पेटी वाजवताना मला माईक धरायला माणूस पाहिजे." सगळ्या मांडवानं ऐकल्यावर त्या जाणार कुठं? आल्या. त्यांच्या हातातला माईक कधी माझ्या तोंडाजवळ यायचा, कधी लांब जायचा, त्यामुळं माझा आवाज मोठा-बारीक होत राहिला. इतकं वाईट मी कधी गायले नसेन. नवरी अंतरपाटाकडं बघायचं सोडून आईकडंच बघत होती.

'सावधान' झालं आणि रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता नवरा-नवरीवर पडल्या, तशा आम्हा दोघींवरही पडल्या. नवरीच्या आई घाईघाईनं केसांतले दाणे झटकायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या की," मी म्हटलं. "लेकीच्या लग्नातल्या आहेत."