कानटोपी सरांचा पाहुणा

दसऱ्याला सोनं वाटून झालं की सरांच्या डोक्यावर कानटोपी चढायची आणि होळी पेटल्याशिवाय उतरायची नाही. तपकिरी लोकरीची, शेंड्याला पिवळा गोंडा. नाशिकची थंडी आम्हालाही ठाऊक आहे, पण दुपारी बारा वाजता कोणी कान झाकून भूगोल शिकवत नाही. सर शिकवायचे. टुंड्रा प्रदेश आला की स्वतःच कुडकुडायचे. सगळी शाळा त्यांना कानटोपी सर म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, सर डब्यांना लागले. जगभर चालणारा हा एक खेळ आहे. कोणीतरी कुठेतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो आणि बाकीचे मोबाईल घेऊन तो शोधत हिंडतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. बक्षीस काही नाही. "जन्मभर अक्षांश-रेखांश शिकवले, ते कोणाच्या उपयोगी पडलेले आत्ता बघतोय," असं सर म्हणायचे. त्यांचा गुडघा कुरकुरायला लागल्यावर त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण जुन्या विद्यार्थ्यांपैकी गावात उरलेली मीच. बँकेच्या नोकरीत एकच रविवार मिळतो, तो असा काट्याकुट्यांत जायचा. मी चिडायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचे.

पांडवलेण्यांच्या बाजूला एका डब्यात आम्हाला ते अस्वल सापडलं. अंगठ्याएवढं, पांढरं, साखळीला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर कॅनडातल्या विनिपेग शहराचं नाव आणि एक नंबर. असा बिल्ला प्रवासाला निघालेला असतो. ज्याला मिळेल त्याने तो पुढच्या डब्यात न्यायचा आणि नंबर टाकून कळवायचं. सरांनी नंबर टाकला तर मालकिणीची चिठ्ठी उघडली. तिचा नवरा तिथल्या उणे तीसच्या थंडीला वैतागून गरम देश बघायचे म्हणत राहिला आणि न बघताच गेला. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला असलेलं हे अस्वल तिने त्याच्या नावाने फिरायला पाठवलं होतं. आता तिचंही वय झालं होतं. पुष्कळ फिरला, या नाताळापर्यंत कोणीतरी त्याला घरी आणा, असं तिने लिहिलं होतं. सरांनी मला न विचारता खाली लिहून टाकलं, पोचवतो.

पण पाहुणा आल्या पावली परत कसा जाईल? मग अस्वलाला मिसळ दाखवून झाली. दिंडोरीला द्राक्षाच्या मांडवाखाली त्याचा फोटो निघाला, येवल्याला पैठणीच्या मागावर निघाला. जाता-येता ते सरांच्या कानटोपीच्या घडीत बसायचं, म्हणजे त्याला वारा लागायला नको. उणे तीसमधून आलेल्या अस्वलाला! प्रत्येक फोटोखाली ती बाई दोन ओळी लिहायची आणि सर त्या मला फोनवर वाचून दाखवायचे.

पुढे सिन्नरच्या कारखान्यातला एक इंजिनिअर, याच खेळातला, कामासाठी कॅनडाला निघाला. मी म्हटलं, त्याच्या हातात देऊन टाका. सरांना पटेना. "डब्यातून आलाय, डब्यातूनच जाईल." त्यांनी म्हसरूळच्या टेकडीखाली एका बांधावर, चपट्या दगडाखाली डबा ठेवला. इंजिनिअर चुकू नये म्हणून दगडावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला.

दोन आठवड्यांनी इंजिनिअरचा फोन आला, "सर, इथे तर देव आहे."

आम्ही गेलो. दगड शेंदराने माखलेला. पुढे नारळ, अगरबत्तीच्या काड्या, झेंडूची फुलं. परीक्षेआधी आम्ही देवाला नारळ बोललो तर वर्गाबाहेर उभं करणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने देव बसवला होता. मी हसून हसून बांधावरच बसले. सर हसले नाहीत. भर मार्गशीर्षात त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली, तेव्हा मी उठून उभी राहिले. इंजिनिअरचं विमान परवाचं होतं. उचला दगड, कोणी बघत नाही, मी म्हटलं.

"कोणी बघत नाही म्हणूनच नको," सर म्हणाले. "तिकडे शब्द दिलाय खरा. पण इथल्या लोकांच्या देवाला मी परस्पर हात कसा लावू?"

शेजारच्या झेंडूच्या मळ्यातून एक म्हातारी आली. सरांनी तिला सगळं सांगितलं. अस्वल, ती विनिपेगची बाई, लाल ठिपका. चूक माझीच, मावशी, असंही म्हणाले. मला वाटलं, आता दोघांनाही शिव्या बसणार.

"रंग तुमचा असंल," म्हातारी म्हणाली, "पर हात मी जोडलेत. नातीचा ताप उतरलाय माझ्या. हा हितनं हालायचा नाय." मग म्हणाली, "पाव्हण्याला घरी जायचंय म्हणता, तर देव त्याला कशाला आडवंल?"

तिने दगडाला नमस्कार केला, स्वतः तो सरकवला आणि डबा काढून दिला. अस्वलाच्या गळ्यात झेंडूचं एक फूल दोऱ्याने बांधलं. दगड पुन्हा जागेवर बसवून म्हणाली, डबा आता दुसरीकडं लपवा. सरांनी हात जोडले. दगडाला की तिला, ते मी विचारलं नाही.

नाताळाच्या आधी विनिपेगहून फोटो आला. खिडकीबाहेर बर्फाचा ढीग, त्यावर अस्वल, गळ्यात सुकलेला झेंडू. सर "पोचला," म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांत मी ऐकली नव्हती अशा आवाजात, "मला एकदा बर्फावर पाय ठेवून बघायचा होता गं."

पुढच्या श्रावणात सर गेले. झोपेतच. मी महिनाभर रविवारी स्कूटर बाहेरच काढली नाही. एका संध्याकाळी सरांच्या पत्नीने, काकूंनी, मला बोलावून ती कानटोपी दिली. मी तिचा पिवळा गोंडा कापला, साखळीत ओवला, नवा नंबराचा बिल्ला मागवून अडकवला. इंजिनिअर पुन्हा तिकडे निघाला होता. मी गोंडा त्याच्या हातात दिला नाही, डब्यातच ठेवला. बिल्ल्याला कुठे जायचंय ते मालकाने लिहायचं असतं. मी लिहिलं, "याला थंडी फार वाजते. तरी बर्फ दाखवा. परत आणायची घाई नाही."