धबधब्याच्या डोक्यावरचा पाइप

माझ्या नवऱ्याला सगळे दट्ट्या म्हणतात. कुठलंही गळकं काम त्याच्या हाती द्या, गळणं बंद. तीस वर्षं प्लंबिंग करतोय. प्रत्येक जोड बसवला की त्यावर ऑइलपेंटचा लाल ठिपका देतो, उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर आपलं काम ओळखता यावं म्हणून. तक्रार मात्र कधी आली नाही, हे तो दिवसातून दोनदा ऐकवतो.

बारा वर्षांपूर्वी एका धबधब्याच्या वरच्या हॉटेलचं काम त्यानं केलं. तेव्हापासून धबधब्याचं वर्णन करकरून सासूबाईंचे कान किटवले होते. सुट्टीत तिथंच जायचं, हा हट्ट त्यांचाच. त्यांना साखरेचा आजार. पायाची जखम सहा महिने चिघळत होती, रोज पट्टी मी बदलायचे. कशीबशी भरली, तीही वरवर, कांद्याच्या पापुद्र्याएवढी कातडी आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, घाण पाणी लागू देऊ नका, पुन्हा चिघळली तर पाय काढावा लागेल.

"वाहतं पाणी कुठं घाण असतं?" सासूबाई म्हणाल्या. दट्ट्यानंही मान डोलावली.

धबधबा मोठा होता, नाही म्हणत नाही. वर बघून मान अवघडली. पण खाली बघितलं आणि शिसारी आली. दगडादगडावर वेफर्सची पाकिटं, एका खडकावर बाळाचं भरलेलं डायपर, आणि त्याच खडकाला टेकून एक बाई आरामात सँडविच खात बसलेली. एक बाप्या साबण लावून काखा घासत होता. त्याच्याच खालच्या अंगाला पोरं तेच पाणी तोंडात धरून एकमेकांवर फवारत होती. आणि सगळ्यांचे फोटो चालू. मी नाकाला ओढणी लावून उभी राहिले.

सासूबाई केव्हाच घोटाभर पाण्यात शिरल्या होत्या. डोळे मिटून ओंजळीनं पाणी तोंडावर घेत होत्या. इतकं खूश मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

दट्ट्या मात्र धबधब्याकडे बघतच नव्हता. नाक वर करून हुंगत होता.

"वास येतोय?"

"कसला येत नाही ते विचार," मी म्हणाले.

तो पायऱ्या चढायला लागला. मी धापा टाकत मागे. हॉटेलच्या पाठीमागे झुडपांतून एक जाड पाइप ओढ्यात उतरला होता, पाणी जिथून खाली कोसळतं त्याच्या हातभर अलीकडे. तोंडातून करडा फेस येत होता, त्यात कागद आणि बाकीचं सगळं. पाइपच्या प्रत्येक जोडावर लाल ठिपका होता.

"ठेकेदार म्हणाला होता, मैल्याची टाकी पुढच्या महिन्यात बांधू," दट्ट्या म्हणाला. "तोवर पाइपचं तोंड इकडे काढून ठेव, म्हणाला."

"आणि तू ठेवलंस."

"जोड बघ ना, अजून एक थेंब..." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याही वेळी याला जोड दिसत होते.

मग मात्र खाली पाण्यातली आई त्याला आठवली आणि तो धावत सुटला. बुटांसकट पाण्यात शिरला आणि आईला उचलून बाहेर आणलं. त्या त्याला गुद्दे मारत होत्या, लोक व्हिडिओ काढत होते. खडकावर बसवून त्यानं त्यांचा पाय मांडीवर घेतला, पिशवीतला साबण काढला, प्यायच्या पाण्याच्या तिन्ही बाटल्या उघडल्या. जखमेवरची कातडी एका कडेला सुटली होती. आत लाल दिसत होतं.

"काय झालं ते सांगशील का?" सासूबाई म्हणाल्या.

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तेवढं मी म्हणेन. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग टाकी बांधली का, हे बघायला इतक्या वर्षांत एकदा तरी आलास?"

"नाही."

सासूबाईंनी त्याच्या हातातून पाय ओढून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"तू धू गं," मला म्हणाल्या. "याचा हात नको."