लहानूच्या पिकपचे वाढीव पाटे

मागच्या पोळ्याच्या सुमारास आमच्या आंजी गावच्या लहानूनं पिकपच्या मागच्या कमानीत दोन्ही बाजूले एकेक पाटा वाढवून घेतला, अन् अर्धं गाव त्याच्याकडं तिरप्या नजरेनं पाहू लागलं. त्या अर्ध्यात मी, त्याची शेजारीणही होती, खोटं काऊन बोलू.

पाटा म्हणजे कमानीतली, चाकावरच्या स्प्रिंगमधली, लोखंडाची पट्टी. एक वाढवली की गाडीची मागची बाजू कडक होते, कितीही माल भरा, बूड खाली बसत नाई. आता आपला जिल्हा पडला दारूबंदीचा. भरलेली गाडी रिकाम्यासारखी दिसून राह्यली म्हटलं की लोकायच्या डोक्यात चोरट्या दारूशिवाय दुसरं काही येतच नाई.

तसा लहानू पाण्याचा धंदा करते. पिकपवर मोठी प्लास्टिकची टाकी बांधली हाय. पहाटे विहिरीवरून भरते अन् पिपरी मेघेत नेते, कोणाच्या लग्नघरी, कोणाच्या स्लॅबवर. टाकी भरायच्या आधी स्वतः घोटभर पिऊन पाह्यते. माणूस चांगला, पण तोंडाले कुलूप. चहा घेतो का विचारलं तं मान हलवते, अन् ती हो म्हणून हलवली का नाई म्हणून, ते आपणच ठरवायचं. एकतीस वर्षांचा झाला तरी लग्न नाई, त्याचं कारण तेच. मुलीवाले येत, बोलून बोलून थकत, अन् चिवडा खाऊन जात.

शेवटी मीच एक जागा आणली. पिपरी मेघेची नंदिनी, सेवाग्रामले दवाखान्यात खिडकीवर पेशंटच्या चिठ्ठ्या काढते. पोरीले पोरगा पसंत. म्हणे, मावशी, दिवसभर लोकं माह्यावर ओरडते, घरी एक तरी चूप माणूस पाह्यजे. पण तिचे बाबा आनंदराव म्हणजे टरबूज घेतानाही दहा टिचक्या मारणारा माणूस. घर पाहाले आले तं घरात आलेच नाई. अंगणात भरल्या पिकपच्या मागं उकिडवे बसले.

"अनुसयाबाई, हे पाटे काऊन वाढवले यानं?"

"तुम्ही पोरगा पाहाले आले का गाडी?"

"पोरगा बोलूनच नाई राह्यला, म्हणून गाडीले विचारून राह्यलो. टाकी भरली हाय, तरी पाहा कशी ताठ उभी हाय. नाक्यावरच्या पोलिसाले वाटन रिकामीच चालली. वरून पाणी, अन् खाली काय हाय, कोणाले माहीत?"

मी त्याहीले हसून वाटे लावलं, पण माह्याच डोक्यात किडा शिरला. दोन दिवसांनी सकाळी लहानू आंघोळीले गेला, तशी मी पिकपवर चढली अन् टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. ब्लाऊज ओला चिंब. वळून पाह्यलं तं हा टॉवेल गुंडाळून मागं उभा.

"काकू, काही पडलं का?"

"बांगडी," मी म्हटलं.

त्यानं नळी लावली अन् अख्खी टाकी अंगणात रिकामी केली. मंग आत उतरून कोपरा न् कोपरा चाचपला. बांगडी तं माह्या हातातच होती, मी ती पदराखाली दाबून उभी. टाकीत काईच नाई निघालं. तरी माह्यं मन काही भरलं नाई. म्हटलं, आज नसन, उद्या असन.

तिकडं नंदिनीचा फोन आला. "मावशी, बाबा रविवारी नकार द्याले येऊन राह्यले. तुम्ही लहानूले सरळ विचारा ना."

विचारलं. "लहानू, पाटे काऊन टाकले रे?"

"हालते."

"काय हालते?"

"पाणी."

झालं भाषण. हे मी आनंदरावले सांगितलं तं ते म्हणाले, "पाणी तं गिलासातही हालते."

रविवारी ते आले. त्याहीनं नाई म्हणाच्या आधीच लहानूनं पिकप काढली अन् पाटे बसवून देणाऱ्या रजत मिस्त्रीच्या वर्कशॉपात नेऊन लावली. आम्ही दोघं मागं मागं. रजतनं जॅक लावला, दोन तास ठोकठाक करून वाढवलेले पाटे काढले अन् आनंदरावच्या पायापाशी ठेवले. मंग लहानूनं टाकी अर्धीच भरली.

"बसा," म्हणाला.

मी मधात, आनंदराव खिडकीपाशी. गाव सुटेपर्यंत बरं होतं. नाल्याच्या वळणावर समोरून एसटी आली, लहानूनं गाडी बाजूले घेतली, अन् मागं पाणी असं धडकलं जसं कोणी म्हैस आदळली. गाडी वळून झाली तरी पाणी वळूनच राह्यलं होतं. ते एका अंगाले गेलं की गाडी तिकडं कलते, हा सरळ करते, तोवर पाणी वापस. आनंदरावनं माह्या मनगटालेच दांडी समजून धरलं. लहानूच्या दोन्ही हाताच्या शिरा वर आल्या होत्या. चाळीसच्या वर गाडी गेलीच नाई. पुढच्या पुलावर अजून एक हिसका बसला, तसे आनंदराव म्हणाले, "वापस घे बाबा."

वर्कशॉपात उतरून ते एका जुन्या टायरवर बसले. पाणी मागितलं.

रजत म्हणाला, "भरल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी वाईट, काकाजी. एका घरी अर्धी उतरवली की पुढं असंच जावं लागते. मागच्या उन्हाळ्यात याची गाडी दोनदा उलटता उलटता वाचली. पाणी तं हालनच, पण कमान कडक असली की गाडी त्याच्यामागं जात नाई."

मी लहानूकडं पाह्यलं. शेजारी राहून मले हे माहीत नव्हतं. "मले काऊन नाई सांगितलं रे?"

"तुम्ही भेल्या असत्या."

आनंदराव उठले. मले वाटलं आता काही गोड बोलतीन. ते रजतले म्हणाले, "पाटे टाक वापस. अन् नट माह्यासमोर आवळ."

"घट्टच आवळतो मी, काकाजी."

"तू म्हणतो म्हणून मी कसा मानू? पोरगी बसन याच्यात. तो पाना आण इकडं."

पांढऱ्या शर्टावर ते गाडीखाली सरकले, अन् लहानू त्याहीच्या डोक्याखाली पोतं सारून बॅटरी धरून बसला. तेवढ्यात नंदिनीचा फोन.

"मावशी, बाबा काय म्हणून राह्यले?"

मी म्हटलं, "तुह्ये बाबा सध्या गाडीखाली हाय. बाहेर निघाले की तारीख विचारते."